मदत हवी आहे: ‘कच्चे लिंबू’ ते बरोबरीची खेळाडू
माझ्या सहावीच्या वर्गातील एक मुलगी दोन्ही पायांना कॅलिपर लावून चालते. खो-खोच्या तासाला तिच्या वाट्याला केवळ गुण मांडणे येई, म्हणून महिनाभर सर्वांनाच जमिनीवर बसवून, बैठ्या व्हॉलीबॉलमधील महिलांच्या जाळ्याप्रमाणे १.०५ मीटर उंचीवर दोरी बांधून खेळवले. तिची सर्व्हिस उत्तम पडते. तरीही मुले तिच्याकडे चेंडू मुद्दाम हळू टाकतात, तिची चूक धरत नाहीत. परवा तिने स्वतःच ‘माझा फाऊल धरा’ म्हणत चेंडू परत केला. समजावून सांगितल्याने दया वाढली, मैत्री नाही. डॉक्टरांची परवानगी आणि पालकांची संमती आहे. मात्र अंगणाखेरीज साधने नाहीत. संघरचना किंवा गुणपद्धतीत नेमका कोणता बदल केल्यास मुले तिला बरोबरीची खेळाडू मानू लागतात, हे कोणी प्रत्यक्ष करून पाहिले आहे का?