दिवाळे सोपे झाले की लोक मुद्दाम बुडतात?

लेखापाल: "कर्जमुक्ती सोपी केली की लोक हौसेने दिवाळे काढतात, इंग्लंडकडे पाहा," असे काल एका सदस्याने ठणकावले. तेथे एप्रिल 2004 पासून दिवाळे काढणाऱ्याला उरलेल्या कर्जातून मोकळे करण्याची मुदत तीन वर्षांवरून एका वर्षावर आली आणि 2006 मध्ये इंग्लंड-वेल्समधील वैयक्तिक दिवाळखोऱ्यांनी लाखाचा आकडा ओलांडला, हे खरे. परंतु त्याआधी बँकांनी क्रेडिट कार्डे खिरापतीसारखी वाटली होती, हे सोयीस्करपणे गाळले गेले. आपल्याकडे तर सैल करायला कायदाच कुठे आहे? 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तोही फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना. बाकीच्यांच्या नशिबी मुंबईत 1909 चा आणि उर्वरित महाराष्ट्रात 1920 चा जुना दिवाळखोरी कायदा.

सरळव्याजी: पतसंस्थेच्या वसुली समितीवर एकदा बसून पाहा. आमच्या एका थकबाकीदाराने नोटीस येण्याच्या सुमारास बंगला पत्नीच्या नावे केला आणि वार्षिक सभेत पहिल्या रांगेत बसून लाभांश का नाही, असा जाब आम्हालाच विचारला. बुडतो तो पैसा निवृत्तांच्या ठेवींचा असतो.

जामीनदार: आणि तुमच्या समित्या आधी जामीनदाराला धरतात. मेहुण्याच्या अर्जावर सही केली. तो गाव सोडून गेला आणि हप्ता माझ्या शिक्षकाच्या पगारातून कापला जातो. कंपनीच्या जामीनदाराला संहिता, मला मुख्याध्यापकांची सहानुभूती!

कोरडवाहू: तुम्हाला पगार तरी आहे. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, तेव्हा परक्या सरकारनेसुद्धा 1879 चा कायदा करून कर्जरोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला.

सरळव्याजी: आणि स्वकीय सरकारने 2017 मध्ये थकवणाऱ्याला दीड लाखापर्यंत माफी दिली, वेळेवर फेडणाऱ्याला मात्र जास्तीत जास्त 25,000. त्यानंतर आमच्याकडे हप्ता भरायला कोणी फिरकेना.

कोरडवाहू: साखर कारखान्यांच्या कर्जांना शासन थकहमी देते, तेव्हा आपली नीतिमत्ता झोपा काढते काय?

सरळव्याजी: मी कारखान्याचा संचालक नाही. जिभेला आवर घाला.

लेखापाल: दोघांनीही मूळ मुद्द्यावर यावे. याच संहितेत दिवाळखोरीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत कवडीमोलाने केलेली हस्तांतरणे रद्द करण्याची तरतूद आहे. दंड, पोटगी आणि शैक्षणिक कर्ज तर माफच होत नाही. ज्या कायद्याला आपण सैल म्हणता, त्यानेच तो बंगला परत आणता आला असता.

सरळव्याजी: बंगला मिळणार असेल तर आपला कायदा शिरसावंद्य. फक्त, व्यक्तींची प्रकरणे ज्या कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाणार, तेथे आजच तारखांवर तारखा पडतात. तोवर ते गृहस्थ आणखी किती सभांना लाभांश मागतील, तेवढे सांगा.