शब्दचर्चा : द्विमान, द्विअंकी आणि सेलचे स्वरूप

प्रश्न : विद्यार्थ्यांसाठी एक्सेलची मराठी टिपणे लिहिते आहे. बायनरी नंबरला, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेल्या संख्येला, ‘द्विअंकी संख्या’ म्हणावे का? आणि सेल फॉरमॅट करण्याला ‘रूपांतर’ म्हटले तर चालेल?

उत्तर : ‘द्विअंकी’ नको. शाळेत दोन अंकी म्हणजे १० ते ९९, मुले तेच समजतील. ‘दशमान’ त्यांना ओळखीचा आहे, त्याच्या जोडीला ‘द्विमान’ सहज बसतो. बोलताना बायनरी म्हणा, काही बिघडत नाही.

‘रूपांतर’ मात्र जपून वापरा. सेलमध्ये ५ लिहून कस्टम फॉरमॅटमध्ये आठ शून्ये दिलीत तर ००००००० च्या पुढे ५ दिसतो. हे फक्त स्वरूप बदलणे झाले. एक्सेलच्या फॉरमॅटच्या यादीत द्विमान नाहीच. रूपांतर करते डेकटूबिन (DEC2BIN) हे फंक्शन: त्याला ५ ही संख्या आणि ८ ही अंकांची संख्या दिली की ५ चे द्विमान रूप ०००००१०१ मिळते. हा निकाल मजकूर असतो, संख्या नव्हे. म्हणून तो सेलच्या डाव्या कडेला बसतो आणि बेरजेचे SUM हे फंक्शन त्याला धरत नाही. डेकटूबिन −५१२ ते ५११ एवढ्यातच चालते. मोठ्या धन संख्यांसाठी २०१३ च्या आवृत्तीपासून बेस (BASE) हे फंक्शन आहे.

प्रश्न : आणि थेट ०००००१०१ टाइप केले तर?

उत्तर : एक्सेल ते एकशे एक म्हणून घेते आणि सुरुवातीची शून्ये टाकून देते. आठ शून्यांचा फॉरमॅट दिला की शून्ये परत दिसतात, पण किंमत एकशे एकच राहते. त्यात १ मिळवा, १०२ येईल. म्हणूनच वर्गातही ही संख्या ‘एक शून्य एक’ अशीच वाचायला लावा.

१ ने सुरू होणारा सोळा बिटांचा, म्हणजे सोळा द्विमान अंकांचा, आकडा असा टाइप करणे तर घातकच. एक्सेल १५ च अंक नेमके सांभाळते, सोळावा शून्य होतो. म्हणजे १ ने संपणारी द्विमान संख्या, जी विषम असते, ती गुपचूप सम होते आणि कसलीही सूचना येत नाही. आधी एकेरी अवतरणचिन्ह टाका किंवा सेल आधीच टेक्स्ट करून ठेवा. नंतर फॉरमॅट बदलून गेलेला अंक परत येत नाही.

आणखी एक : सेलला ‘रकाना’ लिहू नका. रकाना म्हणजे उभा कॉलम. ‘सेल’च राहू द्या.