१९६१ : दादरा-नगर हवेली राहिलीच की!

१९६१ सालच्या घटनांवरची एक प्रश्नमंजूषा वाचली. तीत गागारीन, बर्लिनची भिंत, पानशेत, गोवा सगळं आलं. दादरा-नगर हवेली मात्र राहिली. माझा प्रश्न : विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंसमोर तिकडून सही कोणी केली? उत्तर, के. जी. बदलानी. प्रदेश पोर्तुगीजांपासून १९५४मध्येच मुक्त झाला होता, पण करार कायदेशीर ठरावा म्हणून ११ ऑगस्ट १९६१ला या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान केलं गेलं! त्या १९५४च्या लढ्यात सुधीर फडके होते, हे तर शाळकरी मुलांनाही विचारायला हवं.

गोव्याची नुसती तारीख नको. शेवटपर्यंत लढण्याचा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा हुकूम न पाळता १९ डिसेंबरला शरण आलेला गव्हर्नर जनरल कोण, ते विचारा. वासालो इ सिल्वा. पोर्तुगालला परतल्यावर त्याला लष्करातून काढून टाकलं.