बांगलादेशाच्या आयात शुल्काचा भार वरुडच्या बागायतदारावर का पडतो?

प्रश्न (संत्रा बागायतदार, वरुड):
बांगलादेशाने 2019 ते 2023 या काळात संत्र्यावरील आयात शुल्क चौपटीहून अधिक वाढवले. हे शुल्क तिकडचा आयातदार बेनापोलच्या सीमा नाक्यावर भरतो. तरीही आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या तोंडावर तोडणीला येणाऱ्या फळाच्या) बागेचा सौदा करताना व्यापारी तेच कारण पुढे करून भाव पाडतो, प्रसंगी इसार दिलेला सौदाही मोडतो. त्यांच्या कराची वसुली आमच्या झाडाखाली कशी होते?

उत्तर 1 (निवृत्त प्राध्यापक, अर्थशास्त्र):
कर कायद्याने कोणावर लावला आहे यापेक्षा थांबणे कोणाला परवडते, यावर त्याचा भार ठरतो. फळ महागले की ढाक्यातील ग्राहक हात आखडता घेतो आणि आयातदार दुसरे फळ मागवतो. तोडणीला आलेला संत्रा मात्र फार काळ झाडावर राखता येत नाही. म्हणून शुल्काचा काही भाग तिकडच्या ग्राहकाच्या खिशातून जातो आणि उरलेला बागेच्या भावातून कापला जातो. शिवाय सीमेपलीकडे न गेलेला माल दिल्ली-कोलकात्याच्या बाजारात उतरतो, त्यामुळे कधीच निर्यात न करणाऱ्याचाही भाव पडतो. चुरीला, म्हणजे बारीक फळाला, तर गिऱ्हाईकच उरत नाही.

उत्तर 2 (निर्यात व्यवसायातील एक):
भारताने कांद्याची निर्यात अडवल्याचा सूड म्हणून हे शुल्क आले, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. मला ते अर्धवट वाटते. परकीय चलनाची चणचण भासू लागल्यावर बांगलादेशाने मे 2022 मध्ये फळे, फुले, सौंदर्यप्रसाधने अशा अनेक वस्तूंवर नियामक शुल्क (आयात कमी करण्यासाठीचे जादा शुल्क) लावले होते, म्हणजे रोख केवळ नागपुरी संत्र्यावर नव्हता. आपण कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावले ते त्यानंतर, ऑगस्ट 2023 मध्ये. तेव्हा नाशिक जिल्ह्यातील लिलाव बंद पडले आणि डिसेंबरमध्ये तर थेट निर्यातबंदीच आली. मात्र 2019 आणि 2020 मध्येही आपण कांदा अचानक रोखला होता. असे वारंवार घडल्यावर शेजारी आपल्या भरवशावर राहत नाही, आणि संत्र्याला सवलत मागताना आपली बाजू लंगडी पडते.

उत्तर 3 (शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक, अमरावती):
राज्य सरकारने 2023 च्या अखेरीस या शुल्कापोटी 50 टक्के अनुदान जाहीर केले, पण ते निर्यातदारासाठी होते. ते बागेच्या भावात कितपत धरले जाईल, हे इसार घेण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे. माल गाडीत भरल्यावर तो विषय कोणी काढू देत नाही.