एडुई लोक सीझरला का मिळाले? फितुरी म्हणायची का ही?

फोंडेकर:
रोज कदंबा बसने पणजीला येताजाता सीझरच्या गॉल (आजचा फ्रान्स आणि आसपास) मोहिमेवर वाचतोय आणि एका ठिकाणी अडलोय. इ.स.पू. 58 ला लढाया सुरू झाल्या तेव्हा एडुई ही तिथलीच मोठी जमात रोमनांबरोबर, घोडेस्वार पण त्यांचे आणि धान्य पण तेच देणार. परक्याला घरात घेतलं ना हे?

डिचोलीकर:
फितुरी नका म्हणू हो. 'आम्ही सगळे गॉल' असं त्यांच्यात नव्हतंच, वैरी म्हणजे शेजारी. एडुई आणि शेजारच्या सेक्वानी जमातीचं तिथल्या सोन नदीवरच्या जकातीवरून भांडण, त्यात सेक्वानींनी ऱ्हाइनपलीकडून आरिओविस्तस या जर्मन राजाचे लोक पैसे देऊन आणले, सीझर लिहितो आधी 15,000 आले आणि होता होता 1,20,000 झाले. एडुई हरले, पण हा काही परत जाईना, ज्यांनी बोलावलं त्या सेक्वानींचाच तिसरा हिस्सा जमीन दाबून बसला. एडुईंचा पुढारी दिविसियाकस मदत मागायला रोमच्या सिनेटपुढे गेला, बसा म्हटलं तरी बसला नाही, ढालीवर रेलून उभ्याउभ्या बोलला असं नंतरच्या एका लॅटिन भाषणात आहे. वाचून गलबलून येतं मला. आणि रोमने इ.स.पू. 59 ला 'मित्र' पदवी दिली कुणाला, तर आरिओविस्तसला, ती पण सीझर कॉन्सुल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, असताना! पुढच्याच वर्षी सीझरने त्याला ऱ्हाइनपार पळवला.

सत्तरीकर:
दिविसियाकसचा सख्खा भाऊ दुमनोरिक्स रोमच्या विरोधात होता, तेही सांगा. इ.स.पू. 54 ला सीझर त्याला ब्रिटनला घेऊन निघाला, तर हा म्हणे समुद्राची भीती वाटते, धर्माच्या आड येतं, शेवटी एडुई घोडेस्वार घेऊन निघूनच गेला. गाठून मारला त्याला, मरताना ओरडत होता की मी स्वतंत्र आहे आणि माझं राज्य पण स्वतंत्र आहे. आमच्याकडे गोव्यात 1895 ला हेच, पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम आला, ते जहाजावर चढले नाहीत, सरळ सत्तरीत नाणूसच्या किल्ल्यात आले आणि तिथले राणे सरदार त्यांना मिळाले. चाकरी केली म्हणजे माणूस विकला जात नाही.

फोंडेकर:
हे दोन भाऊ माहीतच नव्हते मला, थँक्स बाब. मग एडुई शेवटपर्यंत राहिले का रोमबरोबर?

डिचोलीकर:
नाही, इ.स.पू. 52 ला तेही व्हर्सिंजेटोरिक्सला, रोमविरुद्ध उठलेल्या गॉलांच्या सेनापतीला, मिळाले. मग सीझरने ऱ्हाइनपलीकडचे घोडेस्वार मागवले, त्यांची घोडी फारशी कामाची नाहीत म्हणून आपल्या अधिकाऱ्यांचे घोडे काढून त्यांना दिले. अलेसियाच्या शेवटच्या मोठ्या वेढ्यात गॉल घोडदळ मोडलं ते त्याच जर्मनांनी.