विषय: रूझवेल्ट अव्हेन्यूवरचं इक्वाडोरी जेवण

मंडळी, नमस्कार.

शनिवारी आम्ही पाच जणींनी न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्सला ७४व्या स्ट्रीटवर वाणसामान घेतलं आणि घरी न जाता रूझवेल्ट अव्हेन्यूनं शेजारच्या कोरोना वस्तीच्या दिशेला चालत सुटलो. डोक्यावरच्या पुलावरून ७ नंबरची मेट्रो गाडी धडधडत होती. माझी ऑफिसातली मैत्रीण इक्वाडोरमधल्या ग्वायाकिल शहरातली, तिच्या नेहमीच्या खाणावळीत तीच घेऊन गेली.

तिनं सगळ्यांसाठी एनसेबोयादो मागवलं. ट्यूनाचं गरमागरम सार, वर लिंबात मुरवलेला कांदा नि कोथिंबीर, सोबत कच्च्या केळ्याचे वेफर्स आणि चक्क मक्याच्या लाह्या! लाह्या सारात टाकायच्या आणि मऊ पडायच्या आत खायच्या. सारात पांढरे, पिठूळ तुकडे होते, मधोमध दोरा असलेले. ती म्हणाली, युका. अहो, आपला साबुदाणा ज्याच्यापासून करतात तोच हा कंद! इतक्या एकादश्या केल्या, पण कंद ताटात पहिल्यांदाच पाहिला. मी फोनवर खिचडीचा फोटो दाखवला, तर हे मोती युकाचे यावर तिचा विश्वासच बसेना.

१९९९ मध्ये इक्वाडोरच्या सरकारनं बँकांतल्या ठेवी गोठवल्या, २००० साली सुक्रे हे तिथलं चलन जाऊन अमेरिकी डॉलर आला. त्याच धामधुमीत तिचे वडील इथे आले. हे सांगताना ती लाह्या चिवडत राहिली. आठ वर्षं शेजारी बसतो आम्ही, मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

————

ताई, तोंडाला पाणी सुटलं. पण आमच्याकडे मासे-मटण चालत नाही. आम्ही काय खायचं?

————

काका, यापिंगाचो मागवा. बटाट्याच्या जाडसर टिक्क्या, आत चीज, वर शेंगदाण्याचा दाट रस्सा. काकूंना दाण्याच्या आमटीची आठवण होईल. सोबत बहुधा सॉसेज येतं, म्हणून आधीच ‘सिन चोरीसो’, म्हणजे सॉसेजशिवाय, असं सांगा. आणि टिक्क्या ‘मान्तेका’त, म्हणजे डुकराच्या चरबीत परतल्यात का, हे जरूर विचारा. तेलात परतून देतात का तेही मी मैत्रिणीकडून आधी विचारून ठेवते. ‘आखी’ म्हणजे मिरचीची लाल चटणी मात्र जपून घ्या, झणझणीत असते.

पुढच्या शनिवारी दुपारी १ वाजता जमू या. मैत्रीणही येणार आहे. जेवण झालं की सगळे माझ्याकडे या, तिला खिचडी खाऊ घालायची आहे. साबुदाणा सकाळीच भिजवून ठेवते.