वाळवंटातले ख्रिस्ती संन्यासी : उपास कसा आणि कशासाठी?

कोरान्न : ख्रिस्ती मठपरंपरेचा उगम इजिप्तमध्ये, हे ठाऊक आहे. पण ३१३ साली रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ थांबला, हौतात्म्याची वाट बंद झाली, म्हणून लोक वाळवंटात गेले, हे कारण कितपत खरं? शिवाय त्यांचा उपास म्हणजे नेमकं काय? किती खायचे, कधी? देहदंड हाच हेतू होता का?

जुनी_वही : सालंच जुळत नाहीत. अँटनीने, म्हणजे या संन्याशांतल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाने, जमीनजुमला सोडला तो २७०च्या सुमारास, म्हणजे ३१३च्या चाळीसेक वर्षं आधी. तेव्हाही गावाच्या वेशीबाहेर एकटे राहणारे तापस होतेच, तो त्यांच्याकडूनच शिकला. छळ थांबल्यावर संख्या फुगली, एवढं म्हणता येईल.

'अनाखोरेसिस' हा ग्रीक शब्दही पाहण्यासारखा आहे. एकांतात जाण्याला तो वापरत, तसाच कराच्या ओझ्याने गाव सोडून पळणाऱ्या शेतकऱ्यांनाही. आणि 'मोनाखोस' म्हणजे संन्यासी हा शब्द ३२४च्या एका पपायरसात (लव्हाळ्याच्या कागदावरच्या लेखात) येतो तो चक्क इजिप्तमधल्या कारानिस गावच्या तक्रारअर्जात! गाईने पीक खाल्लं, त्यावरून मारामारी झाली आणि मार खाणाऱ्याला सोडवायला एक डीकन (चर्चमधला सेवक-अधिकारी) व इसहाक नावाचा संन्यासी धावले. म्हणजे हे महाशय वाळवंटात नव्हते, गावातच होते.

मीठभाकर : खाण्याचं प्रमाण या संन्याशांत राहून आलेल्या कासियन या लेखकाने नोंदवलंय. दिवसाला दोन वाळवलेल्या पाव-भाकऱ्या, दोन्ही मिळून जेमतेम एक रोमन पौंड, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. वेळ नवव्या तासाची, आपल्या हिशेबाने दुपारी तीन. तेव्हा एक खायची, दुसरी ठेवायची. संध्याकाळी पाहुणा आला तर ती त्याच्याबरोबर खायची. दोन्ही रात्रीच खाल्ल्या तर पोट जड होऊन रात्रीच्या प्रार्थनेत झोप येते, हे कारणही दिलेलं आहे.

ऐकायला सोपं वाटतं, पण हे रोज पाळणंच कठीण. बेंजामिन नावाचा एकजण त्यापेक्षा एक दिवस निर्जेवण काढायचा आणि दुसऱ्या दिवशी चारही भाकऱ्या पोटभर खायचा. एकादशी अन् दुप्पट खाशी! शेवटी तो वाळवंट सोडून गेला. पोइमेन या वडीलधाऱ्या संन्याशांचाही सल्ला हाच, की दोन-दोन दिवस उपाशी राहण्यापेक्षा रोज खा, पण पोट भरायच्या आत उठा.

कोरान्न : म्हणजे हेतू देहदंड नाही?

जुनी_वही : नाही. उपास, जागरण, एकांत ही अवजारं. साध्य काय, तर चित्तशुद्धी. अवजारालाच साध्य मानलं की घोटाळा होतो. कासियन हेरोन नावाच्या संन्याशाचं उदाहरण देतो. पन्नास वर्षं कडक व्रत, इतकं की ईस्टरच्या जेवणालाही इतरांत बसायचा नाही. आपल्या पुण्याईने काही होणार नाही, या भ्रमात त्याने विहिरीत उडी घेतली. म्हणून पाहुणा आला की उपास मोडायचा, असा दंडक होता. उपास उद्याही करता येतो, पाहुणा थांबत नाही.

इव्हाग्रिअस या संन्यासी लेखकाने (मृत्यू ३९९) आठ कुविचारांच्या यादीत खादाडपणा पहिला ठेवलाय. गंमत म्हणजे त्याच्या वर्णनात पक्वान्नं नाहीतच. तो विचार कानात सांगतो ते असं : पोट बिघडेल, यकृत जाईल, प्लीहा वाढेल, आजार लांबेल आणि इथे वैद्यही नाही. उपासात पहिली गाठ पडते ती या भीतीशी. अर्थात भीती अगदीच खोटी नव्हती, त्याचं स्वतःचं पोट शेवटी बिघडलंच.

मीठभाकर : एक पुरवणी. हे सगळं एकांतवाल्यांचं. पाखोमियसने ३२०च्या दशकात ताबेन्निसीला सामुदायिक मठ काढला, तिथे दिवसातून दोनदा शिजवलेलं जेवण मिळे. चटया-टोपल्या विणण्यापासून शेतीपर्यंत कामं असत. उपास बुधवारी आणि शुक्रवारी. ज्याला जास्त कडक हवं, त्याने खोलीत भाकर-मीठ खावं, कुणी अडवत नसे.